न झालेल्या फेऱ्या

सुमंगला हत्तुरे सोलापुरात सायकलींचे रस्ते आखायची. महापालिकेच्या नव्या सायकल कक्षात ती अभियंता होती. सायकलीवर तिचं प्रेम होतं ते वडिलांमुळे. अप्पा गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. भोंगा झाला की गिरणीच्या दारातून सायकलींचा लोंढा कसा सुटायचा, घंट्यांच्या आवाजात शेजारचं बोलणं कसं ऐकू यायचं नाही, हे ते रंगवून सांगायचे. सुमंगलाला आठवायला लागेपर्यंत भोंगा गेला होता आणि सायकलीही. रस्ते रुंद झाले, मोटारी वाढल्या, आणि सायकलवाला माणूस गटाराच्या कडेकडेनं जीव मुठीत धरून जाऊ लागला. नंतर तोही दिसेनासा झाला.

आता उन्हाळे असे झाले होते की एप्रिलमध्ये डांबराला चप्पल चिकटायची, आणि शहरातल्या हवेचा आकडा रोज चौकातल्या फलकावर लाल अक्षरांत उमटायचा. सरकारनं मोठ्या शहरांना सायकलमार्ग सक्तीचे केले. पैसा आला, माणसं आली. प्रश्न एवढाच होता की मार्ग बांधायचे कुठून कुठे?

पूर्वी याचं उत्तर सोपं होतं. चौकात माणूस बसवायचा आणि येणारी-जाणारी वाहनं मोजायची. जिथे सायकली जास्त, तिथे सायकलमार्ग. पण या मोजणीत झालेल्याच फेऱ्या यायच्या. एखाद्या बाईला पलीकडच्या पेठेत जायचं होतं आणि ट्रकच्या भीतीनं ती घरातच बसली, तर ती कुठल्याच मोजणीत दिसायची नाही. सगळ्यात वाईट रस्त्यावर सगळ्यात कमी सायकली असायच्या, म्हणून तिथे कुणी काही करायचं नाही, म्हणून तो रस्ता तसाच वाईट राहायचा.

या कोड्यावर तौफिक शेखनं तोड काढली. तौफिक म्हणजे कक्षातला संगणकाचा माणूस, सुमंगलाच्याच वयाचा, चहा थंड करून पिणारा. त्यानं दोन वर्षं खपून एक प्रणाली बांधली आणि तिला नाव दिलं ‘ओढ’.

त्यामागचा विचार शाळेच्या पुस्तकातला होता. तारेतून वीज किती वाहील, हे दोन गोष्टींवर ठरतं. दोन टोकांमधला दाब आणि तारेचा अडथळा. प्रवासाचंही तसंच. दोन ठिकाणांमध्ये माणसांची ओढ असते आणि मधल्या रस्त्याचा अडथळा असतो. अडथळा फार मोठा असेल तर काहीच वाहत नाही, म्हणून दाब नाही असं थोडंच आहे? तो असतोच, फक्त दिसत नाही. तौफिकची प्रणाली तो दाब बारीकसारीक खुणांवरून ओळखायची. फोनवर वाट शोधून मग मिटवलेला नकाशा. जाण्याऐवजी केलेले लांबलचक फोन. स्वतः न जाता दुसऱ्याच्या हाती पाठवलेले डबे आणि पिशव्या. आणि सगळ्यात बोलकी खूण म्हणजे घरातून निघून अर्ध्या वाटेवरून परत फिरणं.

ज्यांनी होकार दिला त्यांच्याच फोनवरून या खुणा घेतल्या जायच्या, आणि त्याही थेट नाही. प्रत्येक फोन आपली माहिती मुद्दाम थोडी चुकवून पाठवायचा. त्यामुळे एकट्यादुकट्याबद्दल कुणाला काही खात्रीनं कळायचं नाही, पण हजारोंची बेरीज केली की चुका एकमेकींना खाऊन टाकायच्या आणि खरं चित्र वर यायचं. स्वतःची ओढ मात्र ज्याची त्याला आपल्या फोनवर पाहता यायची. बहुतेक लोक एकदा गंमत म्हणून पाहायचे आणि विसरून जायचे. सुमंगलानं कधीच पाहिली नव्हती.

‘ओढ’च्या सांगण्यावरून दोन मार्ग झाले. विणकरांच्या पेठांपासून औद्योगिक वसाहतीपर्यंतचा एक, आणि जुळे सोलापुरातून शहरात येणारा दुसरा. दोन्हींवर दुतर्फा कडुनिंब लावले, आणि झाडं मोठी होईपर्यंत सावलीसाठी वर सौरपट्ट्यांचं छत घातलं. जिथे मोजणीत चार सायकली मिळायच्या तिथे शेकड्यांनी धावू लागल्या. वर्तमानपत्रांत फोटो आले. सुमंगलाला वाटलं, आपण काहीतरी सरळ, चांगलं काम करतो आहोत.

मग लोक भेटायला येऊ लागले.

एक निवृत्त मास्तर आले, क्षीरसागर नावाचे. स्वच्छ धोतर, हातात काठी. ते खुर्चीच्या कडेवर बसले.

“मास्तर, रस्त्याची काही तक्रार आहे का?” सुमंगलानं विचारलं.

“रस्ता उत्तम आहे,” ते म्हणाले. “माझ्या मुलाच्या दारापासून माझ्या दारापर्यंत आहे. तक्रार तीच आहे, बाई.”

“म्हणजे?”

“आधी मी शेजाऱ्यांना सांगायचो, पोराला यायचं असतं हो, पण गर्दी केवढी, त्या चौकातनं यायचं म्हणजे जिवाशी खेळ. मलाही ते पटलेलं होतं. आता रस्ता झाला. सहा महिने झाले. तो आला नाही.” त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “माझ्याजवळ एक कारण होतं. ते तुम्ही काढून घेतलंत. तुमची चूक नाही. कुणालातरी सांगावं वाटलं, म्हणून आलो.”

एक बाई याच्या अगदी उलट गाऱ्हाणं घेऊन आली. सासूबाईंना त्यांच्या मुलीनं बॅटरीची तीनचाकी घेऊन दिली होती आणि त्या आता नव्या मार्गानं रोज सकाळी पोळ्या लाटून होईपर्यंत हिच्या दारात हजर असायच्या. “मार्गावरचा तेवढा पूल दुरुस्तीला काढा की, मॅडम, पंधरा दिवस तरी,” ती म्हणाली आणि स्वतःच हसली. पण एका भावाबहिणीची अठरा वर्षं बंद असलेली बोलचाल त्याच रस्त्यानं पुन्हा सुरू झाली होती, आणि ते दोघंही पेढे घेऊन आले होते. तौफिक म्हणाला, “आपण रस्ते करतोय म्हणतो. पण लोकांची घरं हलायलीत बघा.”

सुमंगलाला क्षीरसागर मास्तर विसरता आले नाहीत. कारण तिच्याजवळही तसंच एक कारण होतं.

शहराच्या पूर्वेला, बायपासच्या पलीकडे नीलकंठनगर नावाची मोठी वसाहत होती. तिथे तिची थोरली बहीण महादेवी एकटी राहत होती. आई गेली तेव्हा सुमंगला सहा वर्षांची होती आणि अक्का अठराची. अक्कानं शिवणयंत्र मांडलं, धाकटीला वाढवलं, इंजिनियर केलं, लग्न लावून दिलं. स्वतःचं लग्न राहून गेलं. अप्पा शेवटपर्यंत तिच्याजवळच होते. चार वर्षांपूर्वी अप्पांना धाप लागली. अक्काचं म्हणणं होतं, त्यांनी घरीच राहायचं म्हटलंय, तर घरीच राहू द्या. सुमंगलानं ऐकलं नाही. रुग्णवाहिका आणली आणि त्यांना दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी पहाटे अप्पा गेले, तेव्हा जवळ सुमंगलाच होती. अक्का नंतर पोचली. “त्यांच्या घरात मरू दिलं नाहीस तू त्यांना,” एवढंच ती म्हणाली, आणि दिवस झाल्यावर दार लावून घेतलं. त्यानंतर संक्रांतीला आणि पाडव्याला दोन मिनिटांचा फोन. त्यापलीकडे काही नाही.

“एकदा जाऊन का येत नाहीस?” तिचा नवरा रेवण अधूनमधून विचारायचा.

“तो बायपास ओलांडायचा म्हणजे माहीत आहे ना तुला,” ती म्हणायची. “गाडीनं गेलं तरी लांबच्या पुलावरून वळसा. एक रविवार अख्खा जातो.”

रेवण मग विषय बदलायचा.

तिसऱ्या टप्प्याचे नकाशे आले तेव्हा तौफिकनं तिला हाक मारली. पडद्यावर शहर होतं आणि त्यावर पिवळ्या रेघा. जिथे ओढ मोठी आणि अडथळाही मोठा, तिथे रेघ जाड. सगळ्यात जाड रेघ नीलकंठनगरापासून जुन्या पेठांकडे येत होती.

“इथं बघा,” तौफिक म्हणाला. “सायकलींची मोजणी शून्य. आणि परत फिरलेल्या फेऱ्या शहरात सगळ्यात जास्त. माणसं सकाळी वसाहतीतनं निघतात, बायपासच्या कडेपर्यंत येतात, थांबतात, आणि घरी जातात. आठवड्यातनं तीन-तीनदा.”

सुमंगला त्या रेघेकडे पाहत राहिली. रेघेचं एक टोक मुरारजी पेठेच्या दिशेनंही फुटलं होतं. तिथे तिचं घर होतं.

“तौफिक, ही जरा जवळून पाहता येईल? गल्लीपर्यंत?”

“गल्लीपर्यंत नाही. माणसं कमी पडली की प्रणाली चित्र मिटवते. तसंच बांधलंय.”

“ती मर्यादा खाली आणता येते.”

तौफिकनं कप खाली ठेवला. “येते. पण का आणायची?”

त्याला तिच्या बहिणीची गोष्ट माहीत होती. अप्पांच्या मातीला तो आला होता.

“सुमंगला,” एरवी मॅडम म्हणणारा तौफिक हळू आवाजात म्हणाला, “लोकांनी आपल्या मनातलं आपल्याला दिलंय ते रस्त्यासाठी. आज तुमच्यासाठी उघडलं, तर उद्या नाही कुणाला म्हणायचं? कडेला जाऊन उभ्या राहा की. तिथं उभं राहायला कुणाची परवानगी लागत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लांबच्या पुलावरून वळसा घालून पलीकडे गेली आणि बायपासच्या कडेला बाभळीच्या सावलीत उभी राहिली. सहा पदरी रस्ता. हैदराबादेकडे जाणारे ट्रक एकामागून एक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर गरम वारा अंगावर येत होता. वसाहतीकडून माणसं खरोखरच येत होती. कुणी पायी, कुणी सायकलीवर. कडेला थांबायची, दोन्हीकडे बघायची. एखादा तरणा पोरगा मधल्या दुभाजकापर्यंत धावत जायचा. बाकीची मागे फिरायची.

प्रत्येक साडीकडे सुमंगला निरखून पाहत होती. अक्का थोडी वाकून चालते, डावा खांदा खाली. आपण दिसलो तर ती काय म्हणेल? आपण काय म्हणायचं?

एक बाई सायकल हातात धरून चालत आली. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, कपाळावर मोठं कुंकू. तिनं सायकल स्टँडवर लावली, पदरानं तोंड पुसलं आणि पलीकडच्या शहराकडे बघत उभी राहिली. मग बाभळीखाली सुमंगलाजवळ येऊन बसली.

“तुम्हाला पण तिकडं जायचंय काय?” बाईनं विचारलं.

“मी तिकडचीच. रस्त्याचं बघायला आलेय. तुम्ही रोज येता?”

“मंगळवारी, शुक्रवारी, आणि एकादशीला.” बाईचं नाव नरसम्मा बुरा. जन्म भद्रावती पेठेतला, नवरा यंत्रमागावर होता. घरकुल मिळालं म्हणून नीलकंठनगरात आले. “तिकडं आमचं भजनी मंडळ हाय. मार्कंडेयाच्या देवळात. तेलुगू भजनं. वीस वर्षं मी पुढचा आवाज धरायची. मुलगा म्हणतो, आई, रस्ता ओलांडायचा नाही. शपथ घातलीय. म्हणून ओलांडत नाही.”

“मग येता कशाला?”

“इथवर येते,” नरसम्मा म्हणाली. “इथवर आलं की निम्मं गेल्यासारखं वाटतं. तिकडं मंडळ सुरू होतंय ती येळ मला माहीत हाय. इथं बसून मनातल्या मनात म्हणते, आणि जाते.”

सुमंगलानं मोठ्या मुश्किलीनं विचारलं, “तुमच्या वसाहतीत महादेवी हत्तुरे म्हणून आहेत. शिवण करतात. त्या येतात का कधी इथे?”

“महादेवीअक्का? माझी झंपरं तीच शिवते की.” नरसम्माचा चेहरा उजळला आणि मग तिनं मान हलवली. “ती नाही येत. मी दोनदा म्हटलं, चल गं माझ्यासंगं, कडेपर्यंत तरी. ती म्हणाली, माझं तिकडं कुणी नाही.”

एक लांबलचक कंटेनर गेला. तो जाईपर्यंत बोलता येण्यासारखं नव्हतं, आणि सुमंगलाला ते बरंच वाटलं.

त्या आठवड्यात तिनं फाइल दोनदा बाजूला ठेवली. पैसा एकाच मार्गाचा होता. दुसरा प्रस्ताव तळ्याकाठच्या मार्गाचा होता, देखणा आणि सोपा. त्याच्यासाठी पत्रं आली होती, सह्या आल्या होत्या. तोच पुढे करावा, असं तिला वाटू लागलं. बायपासचं काम कठीण होतं. पूल उंच होईल, म्हातारी माणसं चढणार नाहीत. पण जुन्या नकाशात तिला दिसलं की बायपासच्या पोटातून पावसाचं पाणी जाण्यासाठी एक रुंद मोरी काढलेली आहे. वर्षातले अकरा महिने कोरडी. तिची एक बाजू उचलून घेतली, खाली पाण्याला वाट ठेवली आणि वर सायकलीला, तर एकही ट्रक न थांबवता माणसं पलीकडे जाऊ शकत होती. हे दिसल्यावर तिला फाइल बाजूला ठेवता येईना. नरसम्मा बाभळीखाली बसलेली दिसायची.

बैठकीला आयुक्त होत्या, नगरसेवक होते. सुमंगलानं मोरीचा आराखडा मांडला.

“तिथं आज किती सायकली जातात?” एका सदस्यांनी विचारलं.

“एकही नाही.”

सभागृहात हशा पिकला. “आणि तळ्याकाठी?”

“सकाळी तीनशेच्या आसपास.”

“मग बाई, प्रश्नच कुठे राहिला?”

“तळ्याकाठी जी माणसं जातात ती आजही जातात, उद्याही जातील,” सुमंगला म्हणाली. “ती फिरायला जातात, आणि ते चांगलंच आहे. पण बायपासपलीकडची माणसं रोज घरातून निघतात, रस्त्याच्या कडेला उभी राहतात आणि परत जातात. आपणच त्यांना तिकडे घरं दिली. घर दिलं आणि परत यायची वाट दिली नाही. शून्य हा आकडा त्यांचा नाही, आपला आहे.”

कुणी हसलं नाही. आयुक्तांनी चष्मा काढला. “एक नेहमीचा प्रश्न विचारते. या कामात तुमचं कुणी आहे का?”

तिनं एकदा तौफिककडे पाहिलं. “माझी सख्खी बहीण नीलकंठनगरात राहते. मी आधी सांगायला हवं होतं. आमचं येणं-जाणं नाही. हा रस्ता झाला तरी ती येणार नाही, हे मला माहीत आहे.”

तौफिक उभा राहिला. मुरारजी पेठेतल्या सगळ्या खुणा वगळून त्यानं हिशेब पुन्हा केला होता. रेघ केसभरही बारीक झाली नव्हती. आयुक्तांनी कागद पाहिला, थोडा वेळ विचार केला आणि मोरीला मंजुरी दिली. तळं पुढच्या वर्षावर गेलं.

काम थंडीत सुरू झालं. सुमंगला आठवड्यातून दोनदा तिथे जाऊ लागली, आणि दरवेळी पलीकडच्या तोंडाशी, म्हणजे नीलकंठनगरात, उभी राहू लागली. अक्काचं घर तिथून चार गल्ल्या आत. कामगारांना सूचना देऊन झाल्या, माती तपासून झाली, की ती गाडीत बसायची आणि शहराकडे निघायची.

एका दुपारी मोरीच्या गार सावलीत डबा खाताना तिला हे लक्षात आलं. बायपास मागे होता. वळसा संपलेला होता. तरी ती जात नव्हती.

तिनं फोन काढला आणि पहिल्यांदाच आपली स्वतःची ओढ उघडली. मुरारजी पेठेतल्या तिच्या घरापासून चार-दोन फिकट रेघा निघत होत्या. बाजार, माहेरच्या जुन्या घराची गल्ली, एका मैत्रिणीचं घर. आणि एक रेघ एवढी जाड होती की खालचा नकाशा दिसत नव्हता. ती नीलकंठनगरात जाऊन थांबत होती. चार वर्षांत तिनं किती वेळा रात्री ती वाट फोनवर काढून मिटवली होती, हे तिचं तिलाही आठवत नव्हतं. यंत्राला आठवत होतं. ती बाभळीखाली उभी राहून अक्काची ओढ शोधत होती तेव्हा तिची स्वतःची खिशात होती.

शेजारी जेवत बसलेल्या गवंड्यानं विचारलं, “काय झालं, मॅडम? पाणी देऊ?”

“नको,” ती म्हणाली. “चटणी तिखट आहे.”

मार्ग खुला झाला तो फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी. मोठा समारंभ नव्हता. मोरीच्या भिंती पांढऱ्या रंगवल्या होत्या, आत दिवे होते आणि दोन्ही तोंडांना हाताएवढी रोपं लावलेली होती. फीत कापली आणि नीलकंठनगरची माणसं आत शिरली. पोरं ओरडत गेली, आवाज घुमतो म्हणून पुन्हा ओरडायला मागे आली. दोन म्हातारे एकमेकांचा हात धरून चालत गेले. नरसम्मा नवी साडी नेसून आली होती. सोबत तिचा मुलगा होता, आईच्या सायकलीचं मागचं कॅरियर धरून. मोरीच्या तोंडाशी त्यानं हात सोडला.

“जा,” तो म्हणाला.

नरसम्मा सायकलीवर बसली. सुमंगलाजवळून जाताना ती थांबली नाही, नुसती हसली. थोड्या वेळानं मोरीच्या मध्यावरून तिचा आवाज आला. वीस वर्षं पुढचा आवाज धरणाऱ्या बाईचा आवाज, तेलुगूत, भरघोस, भिंतींवरून परतणारा. पलीकडे उजेडात पोचेपर्यंत ती गात गेली.

सगळी माणसं शहराकडे चालली होती. सुमंगलानं तौफिकची सायकल मागून घेतली आणि ती उलट्या दिशेला निघाली. चार गल्ल्या तिला फार लांब वाटल्या.

अक्काचं दार उघडं होतं. आत यंत्राची खडखड चालू होती. शाळेच्या गणवेशांचा निळा ढीग पडला होता आणि त्यामागे अक्का होती. केस खूप पांढरे झालेले. खांदा अजून डावीकडे झुकलेला. सावली पडली तशी तिनं मान वर केली. यंत्र थांबलं.

“आलीस?” अक्का म्हणाली. आवाजात ना राग, ना आनंद. “ऊन लागलंय तुला. माठातलं पाणी घे.”

सुमंगलानं पाणी घेतलं. उभ्यानंच प्यायली. अक्कानं पुन्हा कापड सुईच्या दाबाखाली सरकवलं, पण पाय चालवला नाही.

“तुझा रस्ता झाला म्हणे,” ती म्हणाली.

“हो.”

“नरसम्मा सांगत होती. बैठकीतलं तुझं बोलणं तिच्या कानावर आलंय. बहिणीला भेटायला रस्ता बांधला म्हणून वसाहतभर सांगत सुटलीय.” अक्कानं तिच्याकडे पाहिलं. “चार वर्षं रस्ता नव्हता काय गं?”

सुमंगलाच्या मनात बायपास आला, वळसा आला, रविवार आला. ती जमिनीवर बसली.

“होता, अक्का.”

“मग?”

“तुझ्यासमोर यायची हिंमत नव्हती.”

“दवाखान्यात नेलंस म्हणून? ते मी रागात बोलले. नेलं नसतं तर तू मला तेच बोलली असतीस.”

“त्यासाठी नाही.” सुमंगलाच्या तोंडून शब्द एकेक करून येत होते. “शेवटी अप्पांना माणूस ओळखू येत नव्हतं. पहाटे त्यांनी डोळे उघडले. माझा हात चाचपला. आणि म्हणाले, ‘महादेवी, आलीस?’”

अक्कानं यंत्राच्या चाकावरचा हात काढला.

“मी सांगायला हवं होतं की मी सुमी आहे, अक्का वाटेवर आहे. पण ते इतक्या आशेनं बघत होते. मी म्हणाले, ‘आले, अप्पा.’ ते म्हणाले, ‘बस जवळ.’ मी बसले. माझ्या हातावर असा अंगठा फिरवत होते, सुईनं घट्टे पडलेल्या तुझ्या बोटावर फिरवायचे ना, तसा. मग गेले.” तिनं डोळे पुसले. “तू जन्मभर त्यांचं केलंस, आणि तुझी जागा मी घेतली. तुझ्या नावानं. हे तुला कसं सांगायचं, ते मला चार वर्षं कळलं नाही.”

बाहेर मुलं मोरीकडून धावत परत आली, गल्लीतून आरडाओरडा करत गेली. अक्कानं उजव्या हाताच्या तर्जनीवर डाव्या हाताचा अंगठा ठेवला आणि तसाच धरून ठेवला.

“त्यांना वाटलं, मीच हाय?”

“हो. अगदी खात्रीनं.”

“शेवटपर्यंत?”

“शेवटपर्यंत.”

अक्काच्या छातीतून एक लांब श्वास बाहेर आला.

“म्हणजे होते मी तिथं,” ती म्हणाली.

मग तिनं निळं कापड दाबाखालून सोडवलं, दोरा दातानं तोडला आणि गुडघ्यांवर हात टेकून उठली. सुमंगलाजवळून जाताना तिचा हात क्षणभर तिच्या डोक्यावर थांबला. दारापर्यंत जाऊन अक्कानं बाहेर डोकावलं.

“सायकल उन्हात लावलीस की,” ती म्हणाली. “संध्याकाळपर्यंत ट्यूब फुटेल ती. आत घे.”